तांदळावरच्या बुरशीची बखर

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. चकलीची भाजणी दळून आली होती, कढईत तेल तापले होते आणि सोऱ्या आत्याच्या हातात होता. आमच्या घरात सोऱ्या हा आत्याचा राजदंड. गेल्या तीस वर्षांत तो तिने दुसऱ्या कोणाच्या हाती दिल्याचे मला आठवत नाही. पण त्या दिवशी पाच-सहा चकल्या पाडून झाल्या आणि तिने सोऱ्या खाली ठेवला. दंड भरून आले म्हणाली. थोड्या वेळाने पाटावरून उठू गेली, तो मांड्या साथ देईनात. एक हात जमिनीवर, दुसरा माझ्या पत्नीच्या खांद्यावर, अशी कशीबशी उभी राहिली आणि भिंतीला टेकून म्हणाली, "ही सगळी त्या गोळीची करणी. मी पहिल्यापासून सांगत्येय, पण माझे ऐकतो कोण?"

गोळी म्हणजे कोलेस्टेरॉलची. आत्याला रक्तदाबाचा विकार जुना, त्याची गोळी ती दहा वर्षे बिनतक्रार घेत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवावी लागली, आणि त्या दिवसापासून ही दुसरी गोळी घरात आली. तिच्यामागोमाग शेजारचे नानाही आले. नाना निवृत्त माणूस. मोबाइलवर आलेला कोणताही मजकूर ते वेदवाक्य समजतात आणि आळीत वाटून टाकतात. "त्या गोळ्यांनी मांस झडते, आत्याबाई," असे त्यांनी एकदा ओट्यावर बसून सांगितले होते. ते मी ऐकले होते आणि विसरलोही होतो. आत्या विसरली नव्हती.

नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या मुलीने रांगोळीचा डबा उघडला, तर पांढऱ्या रांगोळीखाली गोळ्यांची एक अखंड पट्टी आणि दुसरीतल्या चार गोळ्या. चौदा दिवस आत्याने गोळी घेतली नव्हती. मी चिडलो. स्प्रिंग बसवलेल्या माणसाने हे औषध परस्पर बंद करणे म्हणजे काय, हे मला डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. शिवाय मी मास्तर. चूक सापडली की सोडवत नाही. म्हटले, "आत्या, चौदा दिवस गोळी बंद आहे, तरी पाय दुखताहेतच ना? मग दोष गोळीचा कसा?" ती शांतपणे म्हणाली, "अरे, विष चढायला दोन वर्षे लागली, ते उतरायला दोन आठवडे पुरतील होय? आणि पाय माझे आहेत की तुझ्या डॉक्टरांचे?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर सुटला. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. एखादे पात्र घरात शिरले की त्याचे कूळ-मूळ विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ही गोळी कोण, कुठली, आमच्या घरात कशी आली, आणि तिच्यावर आत्याने ठेवलेला आरोप खरा की खोटा, याचा शोध मी वर्षभर जमेल तसा घेत राहिलो. त्यातून जी हकीकत हाती आली ती फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याजोगी आहे, असे वाटल्यावरून सांगतो.

आधी त्या गोळीच्या वैऱ्याबद्दल दोन शब्द. कोलेस्टेरॉल हे नाव आज आपल्याकडे पोळीवर तूप घेताना उच्चारले जाते. पण मुळात ते नाव जन्मले पित्ताच्या खड्यातून. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने पित्तखड्यातल्या मेणकट पदार्थाला १८१५च्या सुमारास हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जवळजवळ 'घट्ट पित्त' असा होतो. हा पदार्थ शत्रू नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत तो असतो आणि यकृत तो स्वतःच तयार करते. पण रक्तात तो फार झाला तर रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साचतो, ही गोष्ट १९१३ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे अनिच्कोव्ह या तरुण डॉक्टराने सशांवर प्रयोग करून दाखवली. सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून त्याने सशांना खाऊ घातले आणि सशांच्या धमन्या माणसांच्या धमन्यांसारख्या बिघडल्या.

आता गंमत पाहा. इतरांनी हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला, तेव्हा काहीच झाले नाही. उंदराचे शरीर हा पदार्थ सहज पचवून टाकते. त्यामुळे अनिच्कोव्हचे म्हणणे पुष्कळांनी मनावर घेतले नाही. बिचारा ससा शाकाहारी, त्याला असले खाणे मानवले नाही, त्यात माणसाचा काय संबंध, असा युक्तिवाद झाला. या बखरीत उंदीर पुन्हा एकदा आडवा येणार आहे, म्हणून हे लक्षात ठेवावे.

रक्तदाबाची कथा याच काळात समांतर चालली होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापाशीही त्यावर लागू पडेल असे औषध नव्हते. तीन वर्षांनी, १९४८ साली, त्याच देशात फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. कोणाला हृदयविकार होतो आणि कोणाला होत नाही, याच्या नोंदी ठेवता ठेवता रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही दोन नावे एकमेकांशेजारी येऊन बसली. आत्याच्या गोळ्यांच्या डबीत आज ती शेजारी बसलेली आहेत, त्याचे मूळ तिथे आहे.

रूझवेल्टपाशी जे औषध नव्हते, त्याचे एक मूळ मात्र आपल्या रानात उगवत होते. 'मूळ' हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. सर्पगंधेच्या मुळ्यांचा उपयोग आपले वैद्य पिढ्यान् पिढ्या करीत आलेले. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, ही मुळी रक्तदाब उतरवते आणि वेडसर रुग्णाला शांत करते, असे लिहिले. पण ते देशाबाहेर कोणाच्या कानावर गेले नाही. जगाने कान टवकारले ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन, नोंदी ठेवून, १९४९ साली ते निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील रसायनज्ञांनी त्या मुळीतला रेसर्पिन हा अर्क वेगळा काढला. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल ज्याची प्रतिष्ठा, तो हा पुरस्कार. आमच्या पाठ्यपुस्तकांत या गृहस्थांचे नाव मला कुठे आढळले नाही, याची मास्तर म्हणून खंत वाटते.

पण सर्पगंधेनेही आपला कर वसूल केलाच. नाक चोंदायचे, अंगात जडपणा यायचा, आणि काही रुग्णांचे मन इतके खिन्न व्हायचे की औषध बंद करावे लागे. मग १९५८च्या सुमारास लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या आल्या. त्या लघवीबरोबर शरीरातले पोटॅशियमही वाहून नेत, आणि ते फार कमी झाले की स्नायू दुबळे पडत, रात्री पोटऱ्यांत गोळे येत. म्हणजे पोटरी आणि गोळी यांचे भांडण कोलेस्टेरॉलच्या औषधापेक्षा जुने आहे.

आता मुख्य पात्र. उत्तर जपानातल्या अकिता प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी, १९३३ साली अकिरा एंदो यांचा जन्म झाला. आजोबांना औषधोपचाराची आवड, आणि त्यांनीच नातवाला बुरशी आणि आळंबी यांचा नाद लावला. आपल्याकडे बुरशी म्हटली की लोणच्याची बरणी फेकून द्यावी लागली, एवढाच बोध होतो. पण जपानी माणसाचे सोयाबीनचे खाणे बुरशीवर, मद्य बुरशीवर; तिथे बुरशी घरातलीच समजतात. त्यात या मुलाने पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचे चरित्र वाचले. एका निळसर हिरव्या बुरशीने लाखो माणसे वाचवली, हे त्याच्या मनात घर करून बसले.

१९५७ साली एंदो तोक्योतल्या सांक्यो या औषध कंपनीत लागले. पहिले काम अगदी साधे होते. फळांच्या रसातला गढूळपणा घालवणारे एन्झाइम बुरशीतून शोधायचे. ते त्यांनी शोधले, कंपनीला पैसा मिळाला, आणि बक्षीस म्हणून की काय, १९६६ साली त्यांना दोन वर्षे न्यूयॉर्कला शिकायला जाता आले. तिथे त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, जपानात क्वचित दिसणारी अवाढव्य अंगाची माणसे. दुसरी, हृदयविकाराचा झटका आलेल्या म्हाताऱ्यांना न्यायला पुन्हा पुन्हा येणाऱ्या रुग्णगाड्या. यकृत ज्या एन्झाइमच्या जोरावर कोलेस्टेरॉल तयार करते, ते एन्झाइम तोवर कळलेले होते. त्याला अडवणारा पदार्थ मिळाला तर?

इथे एंदो यांनी जो विचार केला, तो मला एखाद्या चतुर कादंबरीकाराचा वाटतो. ते म्हणाले, बुरशीला पाय नाहीत, दात नाहीत. शत्रूपासून पळता येत नाही, चावता येत नाही. तिच्यापाशी शस्त्र एकच, विष सोडणे. आणि पुष्कळ सूक्ष्म जीवांना जगायला कोलेस्टेरॉलच्याच जातीचे पदार्थ लागतात. तेव्हा कोणत्या तरी बुरशीने शत्रूचे ते काम बंद पाडणारे विष नक्कीच तयार केले असणार. आपण फक्त ती बुरशी शोधायची.

१९७१ साली शोध सुरू झाला. एंदो आणि त्यांचे सहकारी कुरोदा यांनी दोन वर्षांत सुमारे ६,००० सूक्ष्म जीव वाढवून, प्रत्येकाचा अर्क उंदराच्या यकृतातल्या रसावर तपासला. हे काम आपल्याकडच्या पोथीच्या पारायणासारखे. आज मिळाले नाही तर उद्या पुन्हा पहिले पान. मध्ये एक पदार्थ मिळाला तो मूत्रपिंडाला घातक ठरला. आणि मग १९७२च्या उन्हाळ्यात एका निळसर हिरव्या बुरशीने हवे ते काम केले. ही बुरशी क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून घेतलेली होती, आणि फ्लेमिंगच्या बुरशीची ती चुलतबहीण. आमच्या घरी अशा तांदळाला आत्याने नाक मुरडून उन्हात टाकले असते. १९७३ साली त्यातला नेमका पदार्थ वेगळा झाला. त्याचे नाव पुढे कॉम्पॅक्टिन पडले.

मग उंदीर आडवा आला. उंदरांना हे औषध खाऊ घातले तर त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. कंपनीत कुजबुज सुरू झाली, काम गुंडाळण्याच्या गोष्टी निघाल्या. १९७६ साली एका संध्याकाळी एंदो प्रयोगशाळेजवळच्या मद्यगृहात बसले असता कितानो नावाचे सहकारी भेटले. त्यांनी प्रयोगासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या पाळल्या होत्या आणि प्रयोग संपल्यावर त्या मारल्या जाणार होत्या. एंदो यांच्या मनात आले, अंड्यात एवढे कोलेस्टेरॉल, मग कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार! कोंबड्या मागून घेतल्या, खाद्यात औषध मिसळले, आणि महिन्याभरात त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे कुत्र्यांत आणि माकडांतही तसेच घडले. मद्यपानाचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही, पण त्या संध्याकाळी एंदो सरळ घरी गेले असते तर आत्याच्या डबीतली गोळी कदाचित आजही जन्मली नसती.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला.

ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. यामामोतो यांच्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी होती. आई आणि बाप दोघांकडून तिला एकच दोष वारशाने आलेला. अशा माणसाचे यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल उचलूच शकत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर असणारे कोलेस्टेरॉल अशा रुग्णांत ६०० ते १,००० पर्यंत जाते. सांध्यांवर, स्नायूंच्या दोऱ्यांवर पिवळट गाठी येतात, आणि बाल्यात किंवा ऐन तारुण्यात हृदय बंद पडते. यामामोतोंनी एंदोंना फोन करून औषध मागितले. तेव्हा औषध प्राण्यांच्या तपासणीतून पुरते सुटलेलेही नव्हते. उंदरांच्या यकृतात काही स्फटिकासारखे कण दिसल्याचा वाद चालूच होता. तरी एंदोंनी ते दिले, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये ती मुलगी हे औषध घेणारी जगातली पहिली रुग्ण झाली. मात्रा होती दिवसाला ५०० मिलिग्रॅम.

कोलेस्टेरॉल सुमारे वीस टक्क्यांनी उतरले. पण दोन आठवड्यांत मुलीचे स्नायू दुबळे पडले.

मला हे वाचताना पाटावरून उठू न शकणारी आत्या दिसली. स्नायूंची तक्रार नानांच्या मोबाइलवर जन्मलेली नव्हती, तर औषधाच्या पहिल्याच रुग्णाने, पहिल्याच पंधरवड्यात ती सोसली होती. त्या मुलीचे नाव जगाला ठाऊक नाही, आणि असू नये हेच बरे. पण तिच्या मांड्यांतून त्या दोन आठवड्यांत जे गेले, ते पुढच्या कोट्यवधी माणसांच्या वतीने गेले. यामामोतोंनी औषध थांबवले. तिची ताकद परत आली. मग त्यांनी मात्रा पुष्कळ कमी करून औषध पुन्हा सुरू केले. इतर काही रुग्णांनाही दिले, ज्यांचा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेला होता. त्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास उतरले आणि स्नायूंनी फारसे बंड केले नाही. औषध, थांबणे, तपासणे, मात्रा उतरवून पुन्हा देणे. डॉक्टर आजही हेच करतात, पण याचा पहिला धडा त्या खोलीत गिरवला गेला.

कॉम्पॅक्टिनचे नशीब मात्र खडतर. कुत्र्यांना फार मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्यात कर्करोगासारखे काही दिसले, आणि १९८० साली सांक्योने ते औषध कायमचे बाजूला ठेवले. एंदो त्याआधीच, १९७८च्या अखेरीस, कंपनी सोडून विद्यापीठात शिकवायला गेले होते. शिक्षकाच्या पगारावर जाणारा माणूस म्हणून माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. तिथे त्यांनी दुसऱ्या एका बुरशीतून तसाच पदार्थ काढला. चीन-जपानात भाताला लाल रंग आणण्यासाठी शतकानुशतके वापरतात तीच ही बुरशी. नेमका तोच पदार्थ काही महिने आधी अमेरिकेत मर्क कंपनीतल्या आल्फ्रेड अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिसऱ्याच बुरशीत सापडला होता. मर्कचे औषध कुत्र्यांच्या बातमीने काही काळ थांबले, पुन्हा काळजीपूर्वक तपासले गेले आणि १ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेत विक्रीस मंजूर झाले. लाल तांदळाचा अर्क 'नैसर्गिक, निर्धोक' म्हणून आज विकतात, त्यात तोच पदार्थ असतो. निसर्गातून आला म्हणजे स्नायूंना ओळखत नाही, असे नव्हे.

या जातीच्या औषधांना पुढे स्टॅटिन हे कुळनाम पडले. त्यांनी नुसते रक्तातले आकडे उतरतात की माणसे खरोखर वाचतात, हा प्रश्न १९९४ साली सुटला. स्कँडिनेव्हियात हृदयविकार झालेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली होती. पाच वर्षांहून अधिक काळानंतर पोकळ गोळीवाल्यांत २५६ आणि औषधवाल्यांत १८२ मृत्यू मोजले गेले. मधली चौऱ्याहत्तर माणसे आपण वाचलो हे कधी जाणणार नाहीत. औषधाचे दुखणे नावानिशी कळते, उपकार मात्र बिननावाचे राहतात, ही या गोळीची मोठी अडचण आहे.

दुखणे नावानिशी कळले ते २००१ साली. बायर कंपनीच्या सेरिव्हास्टॅटिन या गोळीने काही रुग्णांचे स्नायू अक्षरशः विरघळले आणि त्या चोथ्याने मूत्रपिंडे निकामी झाली. जगभरातले ५२ मृत्यू या गोळीशी जोडले गेले आणि ऑगस्टमध्ये ती बाजारातून मागे घेतली गेली. त्यातल्या बऱ्याच रुग्णांना चरबीवरचेच आणखी एक औषध जोडीने चालू होते आणि त्या दुसऱ्याने पहिल्याचे रक्तातले प्रमाण भलतेच वाढवले होते. 'मांस झडते' हे नानांचे वाक्य कुठून आले ते इथे उमगले. वाक्य अगदीच खोटे नव्हते. पण इतर स्टॅटिन गोळ्यांवर असा प्रकार फारच क्वचित घडतो, हा त्याचा उत्तरार्ध मोबाइलवर येताना गळून पडला होता.

मग साध्या दुखण्याचे काय? पोटऱ्या भरून येणे, मांड्या जड होणे, हे तर कितीतरी जण सांगतात. २०२२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९ मोठे प्रयोग एकत्र करून १,२३,९४० माणसांचा हिशेब मांडला. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंचे दुखणे सांगितले. पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी सांगितले २६.६ टक्क्यांनी! म्हणजे दुखणाऱ्या पायांपैकी फार थोड्या पायांचा दोष गोळीकडे जातो, आणि तोही बहुतेक पहिल्या वर्षात. उतारवयात पाय दुखतात, हे गोळीचा शोध लागण्याआधीही खरेच होते.

त्याहून विलक्षण प्रयोग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात झाला. स्टॅटिन सोसत नाही म्हणून ज्यांनी सोडून दिले होते, अशी साठ माणसे घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत पोकळ गोळ्या, चार नुसत्या रिकाम्या. दर महिन्याला कोणती बाटली उघडायची ते ठरलेले, पण भरलेल्या बाटलीत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी गुण आले ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. गोळी तोंडात टाकली या जाणिवेनेच त्रास दुप्पट झाला होता. गोळीत काय होते याने फारसा फरक पडला नव्हता. हे समजल्यावर त्यांच्यापैकी निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले.

मी मोठ्या उत्साहाने हे आत्याला वाचून दाखवले. वर्गात गणित सुटल्यावर होतो तसा माझा चेहरा झाला असावा. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "पोकळ गोळीवाल्यांचे दुखले की नाही?"

"दुखले," मी म्हटले.

"खरोखर दुखले?"

"खरोखरच."

"मग झाले तर. तू तर असे सांगतोस, जसे काही ती माणसे खोटे बोलत होती."

हा मुद्दा मला त्या आकड्यांत दिसला नव्हता. दुखणे मनातून आले म्हणून ते खोटे ठरत नाही. फक्त त्याचा इलाज गोळी सोडणे हा नव्हे, एवढेच ठरते. आणि प्रत्येकाचे मनातूनच येते असेही नाही. काही माणसांच्या यकृताच्या दारावरचा एक जन्मजात रखवालदार दुबळा असतो. तो स्टॅटिनला रक्तातून पुरेसे आत घेत नाही, आणि मोठ्या मात्रेत ते औषध स्नायूंना भोवते. हे २००८ साली जनुकांच्या तपासणीतून कळले आहे. तेव्हा एकाच दुखण्याचे बाप अनेक, आणि कोणत्या पायाचा बाप कोणता, हे पाहायला तो पायच डॉक्टरांपुढे न्यावा लागतो.

तसा तो नेला. दिवाळीनंतर पहिल्याच सोमवारी तालुक्याच्या गावी दुसरे एक तरुण डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिल्याने पाय पाहिले नाहीत, पिशवी पाहिली. आत्याच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतून एकेक उलटून वाचली. रक्तदाबाची गोळी अम्लोडिपिन. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, ४० मिलिग्रॅम. दोन्ही दोन ठिकाणी लिहून दिलेल्या, आणि एका ठिकाणी दुसऱ्या ठिकाणची गोष्ट सांगण्याचे काम आम्हा घरच्यांचे होते, ते आम्ही केले नव्हते. अम्लोडिपिन सिम्व्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवते. म्हणून ती दोघे एकत्र असतील तर सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ सालीच दिलेला आहे, असे त्यांनी सांगितले. एकेकटी दोघी सुशील. एका घरात नांदताना कुरबुर. सासू-सुनांचा दृष्टांत माझ्या ओठांवर आला होता, पण पत्नी शेजारी होती.

त्यांनी रक्त तपासायला घेतले. थायरॉइड मंदावला तरी स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते, म्हणून तोही तपासला. तो ठीक होता. स्नायू झिजल्यावर रक्तात जो घटक उतरतो, तो थोडा वाढलेला निघाला, घाबरण्याजोगा नव्हे. गोळी बंद होऊन तेव्हा तीन आठवडे होत आले होते. आधी तो किती होता हे आता कधीच कळणार नाही. डॉक्टरांनी त्याच कुळातली, पण अम्लोडिपिनशी फारसे न भांडणारी दुसरी गोळी लहान मात्रेत दिली आणि आत्याला म्हणाले, "आजी, दुखले तर मला सांगायचे. रांगोळीच्या डब्याला नाही."

आत्या लाजली. तिला लाजलेले मी प्रथमच पाहिले.

संक्रांतीला तिळाची वडी थापताना ती पुन्हा खाली बसली. होळीपर्यंत मांड्यांचे दुखणे पुष्कळ उतरले. ते गोळी बदलल्यामुळे, की मात्रा घटल्यामुळे, की डॉक्टरांनी पिशवी ओतून नीट विचारपूस केली त्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. आत्याला विचारले तर ती म्हणते, विष उतरले. पावसाळ्यात उजवी पोटरी थोडी कुरकुरते, पण ती माझीही कुरकुरते.

अकिरा एंदो जून २०२४ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. डॉ. वकिलांना मिळाला होता तो लास्कर पुरस्कार त्यांना २००८ साली मिळाला. नोबेल मिळाले नाही. मी ती बातमी आत्याला उशिराच सांगितली, हा शोध लागत गेला तेव्हा. ती तांदूळ निवडत होती. "तांदळावरच्या बुरशीतून?" तिने दोनदा विचारले. मग सुपातले एक काळपट पडलेले शित उचलून बराच वेळ पाहिले आणि बाहेर टाकले.

यंदा भाजणी कालच दळून आली आहे. सोऱ्या तिने स्वतः घासूनपुसून, चकलीची चकती बसवून ठेवला आहे. पाट मात्र नको म्हणते. शाळेतून एक बुटके स्टूल आणायला सांगितले आहे.